मेट्ट्यावरची उतरण

करंजाच्या तेलाचा वास नाकाआधी जिभेला कळतो. काल लाकडांच्या डेपोतल्या एका गाडीवानाने आमच्या कुंपणाशी गाडी सोडली आणि जुवाने सोललेल्या बैलाच्या खांद्यावर ते तेल चोळायला घेतले. मी चुलीपुढे बसले होते. धुरातून, ओल्या सरपणाच्या वासातून तो कडवट, हिरवा, किंचित कुजका वास वाट काढत आला आणि माझे तोंड कडू झाले. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत मी हलले नाही. मला वाटले, तू पडवीत बसली आहेस; लुगडे गुडघ्यापर्यंत वर खोचून, पितळेच्या वाटीतले तेल पोटऱ्यांना, घोट्यांना, बोटांच्या बेचक्यांत चोळते आहेस; आता मान वर न करता हाक मारशील, "चाल वो, ऊन चढून राह्यलं."

डोंगर चढायचा म्हणजे आधी हे तेल. डासांवर, जळवांवर आणि आत्याबाईंवर एकाच वाटीत औषध, असे तू म्हणायचीस. आत्याबाई, म्हणजे तुझी आई आणि माझी सासू, नाकाला पदर लावून दारात उभ्या राहत.

"बैलाले लावाचं तेल अंगाले लावते. बाईमाणूस हाय का कोण हाय?"

"बैलच समज," तू म्हणायचीस. "फक्त आता जू नको ठेवू वो आई मानेवर."

त्या हसत नसत. मी हसू दाबत आत पळत असे. आता ते वाक्य आठवले की मला हसू येत नाही.

तू कुठे जन्मलीस, कितव्या वर्षी तुझे लग्न लागले, कितव्या वर्षी कुंकू पुसले गेले, ते मी इथे लिहिणार नाही. ते सगळ्या नात्यागोत्याला पाठ आहे, आणि त्यात तू कुठेच नाहीस. इतरांनी तुझे काय केले त्याची ती हकिकत आहे. मला तुझ्याशी बोलायचे आहे. आणि एकच गोष्ट विचारायची आहे, जी तू गेल्यापासून सगळे मला विचारत आहेत. मेट्ट्यावरून उतरताना तुझा पाय घसरला, की तू आपणहून पाऊल टाकलेस?

तुला 'तू' म्हणते आहे, कारण हे डोंगरावरचे बोलणे आहे. घरात तू मला यमूबाई होतीस, नवऱ्याची थोरली बहीण. "यमूबाई, तुम्ही बसा, मी भरते पाणी." "यमूबाई, जेवून घेता का?" आलापल्लीच्या क्वार्टरांची ओळ संपली, सागाच्या रोपवाटिकेचे कुंपण मागे पडले, की तूच म्हणायचीस, "आता फेक ते तुमी-बिमी. चढाच्या वक्ती इतकं वझं कोण वाहीन?" आणि मी फेकत असे. उतरून पुन्हा कुंपणाशी आलो, की ते वझे मी निमूटपणे उचलून घेत असे.

पहिल्या खेपेस तुझ्या भावाने शेख नाकेदाराला आपल्या सोबत दिले. शेखभाऊ चांद्याचा, जंगलखात्याची नाकी राखता राखता त्याचे केस पिकले होते, पण डोंगराची त्याला गोडी नव्हती. रेंजरची बायको आणि रेंजरची बहीण यांना माथ्यावर नेऊन आणणे ही जंगल राखण्याची कोणती तऱ्हा, हे त्याला उमगत नव्हते. अर्ध्या चढावर तो एका खडकावर बसला आणि टोपीने वारा घेऊ लागला.

"बाई, वर काई नाई हाय. गोटे हायेत न् हवा हाय. गोटे इथीबी हायेत, हवाबी हाय. काऊन चढून राह्यल्या तुमी?"

"वर तुमचे साहेब नाई हायेत, शेखभाऊ."

तो टोपी डोक्यावर ठेवून उठला. "हे मातर सही बोल्ल्या. चाला."

पाऊस सरावा, नद्यांचे पाणी उतरावे, वाटांवरचे गवत पिवळे पडावे, आणि आपण एक डोंगर चढावा, असे मग दर हिवाळ्याचे ठरून गेले. मी नागपूरहून आले तेव्हा माझ्याजवळ पुष्कळ डोंगर होते. सगळे कवितेतले, सगळे निळे. तू मला तांबड्या मातीचा, शेवाळ वाळून काळ्या पडलेल्या दगडांचा, गुडघ्याला सोलणारा डोंगर दिलास. सागाचे वाळलेले पान पायाखाली पापडासारखे मोडते, बांबूचे पान मोडत नाही, ते निसटते. हे तू मला डोळे मिटायला लावून शिकवलेस. एकदा कुठूनसे कोवळे सागपान खुडून तू माझ्या तळहातावर चोळलेस. हात मेंदी लावल्यासारखा लाल झाला. तुझाही झाला होता. माझा तू उन्हात धरून न्याहाळलास आणि स्वतःचा लुगड्याला पुसून टाकलास.

माझे मूल जन्माआधीच गेले, त्या वर्षी मला घरात रडायला जागा नव्हती. "अंगाले लावून घेऊ नको, दुसरं व्हईन," आत्याबाई म्हणत, आणि त्या मायेनेच म्हणत. तू मला रोपवाटिकेमागच्या टेकडीवर नेलेस. पायांत त्राण नव्हते. तू मागून कमरेला हात लावून मला ढकलत राहिलीस. माथ्यावर पोहोचल्यावर म्हणालीस, "रड. इथी कोणी पाहून नाई राह्यलं. मीबी नाई." आणि माझ्याकडे पाठ करून बसलीस. मी किती वेळ रडले ते ठाऊक नाही. तुझ्या पाठीवरचा पांढरा पदर वाऱ्याने फुगत होता, खाली बसत होता, पुन्हा फुगत होता. तू एकदाही वळली नाहीस. माझ्यावर आजवर कोणी केलेले सर्वांत मोठे उपकार ते. मी त्यांच्याबद्दल तुझ्याशी कधी बोलले नाही. डोंगरावर आभार मानले असते तर तू चिडली असतीस, आणि घरात मानण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

आपले भांडण एकच होते, आणि ते दर माथ्यावर नव्याने होई. वर पोहोचले की मी कपाळावर हात धरून उभी राहत असे: ती चकाकते ती इंद्रावती असावी, तो धूर कुठल्या गावाचा, ते त्याच्याही पलीकडे निळसर दिसते ते बस्तर असेल का. तू एखाद्या दगडाला टेकून, त्या सगळ्याकडे पाठ करून बसलेली असायचीस.

"अगं, बघ तरी. एवढी चढून आलीस ती कशाला?"

"तुले वरून काय दिसते ते पाहाचं रायते," तू म्हणालीस. "मले वरून कोणालेच दिसाचं नसते."

"याला डोंगर चढणे नाही म्हणत. याला लपणे म्हणतात."

"खाली लपाले जागा भेटली असती, त कायले चढली असती?"

मग मी हट्टाने म्हणत असे की उतरल्याशिवाय कोणाचाच डोंगर पुरा होत नाही. आणि तू म्हणायचीस की उतरताना अर्ध्या वाटेवरच तुला चुलीचा वास येऊ लागतो. "मग?" मी विचारत असे. "मंग काय. उतरतोच ना." इथे आपले भांडण दरवेळी थांबे. ते मिटले असे मी म्हणणार नाही. पुढच्या हिवाळ्यावर आपण ते टाकत होतो.

या हिवाळ्यात ब्रह्मपुरीकडून, तुझ्या सासरहून निरोप आला. तुझी जाऊ बाळंतपणात गेली होती. दिराची लेकरे लहान होती. तुला बोलावले होते. आत्याबाईंनी अंगणात तांदूळ पाखडताना ते सांगितले, जणू दळण आणायचे आहे अशा सुरात.

"संक्रांत झाली का जा. लेकराईले पाहाले घरचं माणूस पाहिजे. मंग पुढं काय व्हाचं ते व्हईन."

पुढे काय व्हायचे ते अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होते. दिराशी पाट लावण्याची गोष्ट कोणी उच्चारली नाही, एवढेच. तुझ्याही हातात सूप होते. ते थांबले नाही. "बरं," तू म्हणालीस. तुझा भाऊ खांबाला टेकून उभा होता. त्याच्या हाताखाली एवढे मोठे जंगल आहे, पण त्या अंगणात त्याला एक शब्द सापडला नाही. बऱ्याच वेळाने तूच त्याच्याकडे बघितलेस. "जाच्या आंधी मेट्टा पाहून येतो," म्हणालीस. त्याने इतक्या घाईने मान हलवली की मला त्याची दया आली.

मेट्टा म्हणजे माडियांच्या बोलीत नुसता डोंगर. त्या डोंगराला दुसरे नाव नव्हते. पायथ्याच्या गावाला दुसऱ्या नावाची गरज कधी पडली नव्हती. आदल्या संध्याकाळी शेखभाऊला घेऊन आपण त्या गावात पोहोचलो आणि जुरी नावाच्या म्हातारीच्या ओसरीत उतरलो. तिने पानाच्या द्रोणातून आंबील दिली. तू दोन घोट घेऊन द्रोण खाली ठेवलास आणि शाल घट्ट ओढून घेतलीस. "थंडी हाय," म्हणालीस. होतीच थंडी.

सकाळी तू पायांना तेल चोळत असताना जुरी आली. तिने तुझ्या कपाळावर तळहात ठेवला आणि आपल्या बोलीत काही म्हणाली. तू हसून तिचा हात बाजूला केलास.

"काय म्हणते ती?" मी शेखभाऊला विचारले.

"म्हणते, आज नोका जाऊ."

"का?"

"मीबी पुसलं. नाई सांगत. बुढी हाय ना बाई, बुढे लोकं रोजच म्हणते नोका जाऊ."

तोवर तू वाटेला लागलीही होतीस.

मेट्ट्याचा माथा म्हणजे एक उघडी काळी शिळा. ना झाड, ना गवत. दुपारच्या उन्हाने ती तापली होती; मला तिच्यावर पाऊल ठरवेना. तू मात्र शाल पांघरूनच बसलीस, दोन्ही तळवे शिळेवर टेकवून. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तू दरीकडे तोंड करून बसलीस. "सांग," म्हणालीस, "काय काय दिसते तुले." मी सांगत गेले: नदीचा पांढरा तुकडा, शेतात जाळलेल्या राबाचा धूर, बांबूच्या बनावरून सरकणारी ढगाची सावली. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मला त्या ऐकण्याची भीती वाटली, म्हणून मी काहीतरी बोलायचे म्हणून बोलले: "तिकडे सासरीही एखादी टेकडी असेल."

"तिकडं धानाच्या बांध्या हायेत वो. बांधीवर चढून काय दिसन?"

मग तू म्हणालीस, "एक सांगू तुले?" आणि त्याच क्षणी खालून शेखभाऊची हाक आली की ऊन कलले, निघायला हवे. तू उठलीस. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतलास, जो तू कधी घेत नसायचीस. "जाऊ दे. खाली गेल्यावर सांगीन."

तू गेल्यापासून हे वाक्य मी हातात घेऊन उलटसुलट करून बघते आहे. 'खाली गेल्यावर' असे म्हणणाऱ्या बाईला खाली यायचे असते. की नको असलेले बोलणे टाळण्यासाठीही माणूस तेवढेच म्हणते? तू मला काय सांगणार होतीस, यमू?

उतरणीला शेखभाऊ पुढे, मधे मी, मागे तू. वाट कड्याला घासून जात होती. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला, पायांच्याही खाली, झाडांचे शेंडे. मी खडकाला हात लावून, नजर पुढच्या पावलावर ठेवून उतरत होते. मागे तुझ्या चालण्याचा आवाज होता, वाळल्या पानांचा, बारीक खड्यांचा. मग काही खडे जास्त घरंगळले. मग खूप खाली, कोणी डोक्यावरचे ओझे टाकावे तशी पाने वाजली. आणि मागे काहीच नव्हते. किंकाळी नव्हती, असती तर मला ऐकू आली असती. मी वळले तेव्हा वाट रिकामी होती आणि तिच्यावर स्वच्छ ऊन पडले होते.

वळसा घालून आम्ही खाली पोहोचलो तेव्हा तुझ्यात प्राण नव्हता. चेहऱ्यावर साधा ओरखडाही नव्हता. मी तुझा हात हातात घेतला. तो गरम होता, इतका की मला वेडी आशा वाटली. ती ऊब कशाची होती? जाणाऱ्या जिवाची, उन्हाची, की आणखी कशाची? शेखभाऊ गावाकडे माणसे आणायला धावला. मी तो हात धरून बसले, आणि माझ्या हातात तो हळूहळू निवत गेला.

गावाने लाकडे तोडून दिली. तुझा भाऊ दुसऱ्या दिवशी पोहोचला, आणि नदीकाठी तुला अग्नी दिला. त्याने मला एकच प्रश्न विचारला, ज्वाळांकडे बघत: "वर काई बोल्ली होती का ते?" धानाच्या बांधीवर चढून काय दिसणार, हे तुझे वाक्य मी त्याला सांगितले. तो पाण्याच्या कडेने चालत दूर गेला आणि फार वेळ परतला नाही.

तेरवीसाठी आम्ही चांद्याच्या घरी गेलो. तिथे आमच्याआधी बातमी पोहोचली होती, आणि वाटेत ती वाढली होती. "मरण कसे?" गुरुजींनी विचारले. कड्यावरून पडून, असे सांगितल्यावर त्यांनी पंचांग मिटले. "म्हणजे दुर्मरण. त्याचा विधी निराळा." शेजारणी ओट्यावर बसून बोलत होत्या, हलक्या आवाजात, पण ऐकू जाईल इतक्याच हलक्या.

"सासरी जाव लागत होतं ना. घेतली उडी."

"ओरडलीबी नाई म्हणते."

"पडनारा माणूस ओरडल्याबिगर रायते का वो?"

त्याच दुपारी आत्याबाईंनी मला कोठीत नेले आणि दार लोटले. त्यांच्या हाताला पिठाचा वास होता.

"खरं सांग मले. पडली का..."

पुढचे त्यांना बोलवेना.

"मला दिसले नाही, आत्याबाई. मी पुढे होते."

"देवानं डोळे काय शोभेले देल्ले का तुले?" त्या ओरडल्या. मग पिठाच्या हातांनीच तोंड झाकून त्या धान्याच्या कणगीशी बसल्या. त्यांच्या बोटांच्या फटींतून येणारा आवाज रडण्याचा नव्हता. जड दगड सरकवताना घशातून निघतो तसा काहीसा होता. तू त्यांच्यावर रागावली असशील तर त्या दुपारपुरता तो राग बाजूला ठेव, एवढे मी तुला सांगते.

मीही तुझ्यावर रागावले आहे. पडली असशील तर रागवायला जागा नाही. पण तसे नसेल, तर माझ्या पाठीमागे का? तुझ्या ज्या पाठीवर विश्वास ठेवून मी एकदा टेकडीवर रडले, तिचे उत्तर म्हणून माझी पाठ तुला हवी होती का? रात्र रात्र मी हे विचारते आणि सकाळी मला त्याची लाज वाटते, कारण सकाळी मला तुझा माझ्या खांद्यावरचा हात आठवतो.

आम्ही आलापल्लीला परतलो, आणि काही दिवसांनी शेखभाऊ निरोप घेऊन आला. निरोप मेट्ट्याच्या गावचा होता. शेखभाऊ फाटकाशीच उभा राहिला. तुझ्यानंतर तो पडवीत बसत नाही.

"गायतानं बोलावलं हाय बाई." गायता म्हणजे त्या गावाच्या देवांचे आणि जमिनीचे पाहणारा. "यमूबाईचा गोटा गाडाचा का नाई, ते ठरवून राह्यले. तुमी सोबत होत्या. तुमाले पुसल्याबिगर नाई ठरवत म्हणते."

त्या गावात मेलेल्या माणसासाठी ऐनाच्या झाडांखाली एक उभा दगड रोवतात. गोटा मिळाला की जिवाला जागा मिळते. तो तृप्त असेल तर गोटा जमिनीतून वर्षावर्षाला वाढतो, असे ते मानतात. ज्याला जागा नाही तो शेतांतून भटकतो. तू त्यांच्या जमिनीवर गेलीस, म्हणून तुझी जागा त्यांना ठरवायची होती.

"पण पडलेल्यासाठी गोटा असतो का?" मी विचारले.

"तेच त हाय ना," शेखभाऊ म्हणाला. "बिमारीनं धरलं न् मंग पडली, त ते मरण बिमारीचं. मंग गोटा. पर मेट्ट्यानं वढली, नाई त सोताहून गेली, त मंग नाल्यापल्याड. तिथी गोटा नाई रायत. नाव बी नाई घेत मंग कोणी."

"तो त्यांचा रिवाज हाय," तुझा भाऊ म्हणाला. मग म्हणाला, "गाडी घेऊन जाय." मी गाडीत बसल्यावर तो बैलाच्या शिंगावर हात ठेवून उभा राहिला. "काय ठरते ते मले नोको सांगू."

मी का गेले, हे तुला सांगितले पाहिजे. चांद्याने तुझे मरण ठरवून टाकले होते. विधीने ठरवले, ओट्याने ठरवले. हे एकच ठिकाण उरले होते जिथे अजून कोणी विचारत होते.

सकाळच्या उन्हात माणसे ऐनांखाली जमली होती. दगड ओळीने उभे होते, काही कललेले, काही शेवाळलेले, काही अगदी नवे, ज्यांच्या बुडाची माती अजून सैल होती. कोणी माझ्यासाठी एक पाट आणून ठेवला. माणसे आधी आपसांत बोलत राहिली, आणि शेखभाऊ माझ्या कानाशी सांगत राहिला.

"तो बांबू तोडनारा म्हणते, मेट्ट्यानं घेतली, मेट्ट्याची झाली, आपन कायले मधात पडाचं. तो दुसरा म्हणते, गोटा वढाले माणसं पाहिजे, धानाची मळणी चालू हाय, कोण येईन." एकजण काही बोलला आणि सगळे हसले; शेखभाऊ अडखळला.

"सांगा, शेखभाऊ."

"म्हणते... बाई हलकी होती, गोटाबी हलकाच पाह्यजे. दोघं आनून टाकतीन."

मीही हसले. तुला ते आवडले असते.

मग गायता माझ्याकडे वळला. वयस्क, बुटका माणूस, आवाज इतका मऊ की पाने वाजली की ऐकू येईना. मी पुढे होते की मागे? पुढे. पडताना पाहिले? नाही. ती आजारी होती का?

इथे मी थांबले. होय म्हणणे किती सोपे होते. शेखभाऊही माझ्याकडे तसाच बघत होता, जणू होय मीच म्हणावे आणि त्याने ते लगेच पलीकडे पोहोचवावे. पण तुझ्या जागेचा पाया मी माझ्या बोलण्याने घालायचा, आणि तो पोकळ निघायचा. मग तो दगड वर्षावर्षाला खाली जाताना मला दिसला असता.

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले. "तिने शाल ओढून घेतली होती. थंडी आहे म्हणाली. मी थंडी समजले." आणि मग म्हणाले, "तिला संक्रांतीनंतर सासरी पाठवणार होते. दिराच्या घरी. तिला जायचे नव्हते."

शेखभाऊचा चेहरा उतरला. "बाई, हे सांगू का? हे सांगतलं त ते नाल्यापल्याड..."

"सांगा."

त्याने सांगितले. किती शब्दांत ते मला कळले नाही. पण ऐकता ऐकता बायकांच्या घोळक्यातले बोलणे बंद पडले. बांबू तोडणाऱ्याने मान हलवली, जणू हेच तो म्हणत होता. गायता जमिनीकडे बघत बसला. मी नाल्याच्या दिशेला बघितले नाही. तुझे नाव यापुढे या गावात कोणी घेणार नाही, आणि माझ्या घरातही हळूहळू कोणी घेणार नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या दिसू लागले. एवढी वाट चालून तुला मीच नाल्यापलीकडे नेऊन सोडले असे वाटले, आणि तरी मी बोलले त्यातला एकही शब्द मला परत घ्यावासा वाटेना.

तेव्हा बायकांतून जुरी उठली. गुडघ्यांवर हात टेकत ती आधी गायतासमोर गेली, आपला उजवा तळहात त्याच्यापुढे उघडा धरला आणि त्या तळहाताकडे बोट दाखवून काही वेळ बोलली. मग ती माझ्यापाशी आली आणि त्या सकाळी तुझ्या कपाळावर ठेवला होता तोच तळहात तिने माझ्या कपाळावर ठेवला. तो खडबडीत होता, कोरडा होता. शेखभाऊ काय ते सांगायला तोंड उघडणार, तोच तिने त्याला हाताने थांबवले. हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या वाटायला येणाऱ्या माणसांकडून आमच्या भाषेतले थोडे शब्द तिने उचलले होते. त्यांतला एक तिने शोधला, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली:

"ताप."